मधलं वाक्य कुठे गेलं? पवनचक्की-सोलरवाल्या त्या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज मी आतापर्यंत निदान सहा-सात वेळा वेगवेगळ्या ग्रुपवर बघितला होता आणि दर वेळी न वाचल्यासारखं करून वर सरकवला होता. कोण वाद घालत बसणार. पण मागच्या आठवड्यात काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली "विचार करण्यासारखं आहे" असं लिहून, आणि दोन दिवसांनी कळलं की काकूने नातवाचं अंथरूण वरच्या खोलीतून खाली आणलंय. का, तर शेजारच्या गच्चीवर सोलर पॅनल बसलेत आणि त्यांचं रेडिएशन थेट त्या खिडकीतून आत येतं म्हणे. पोरगं सहा वर्षांचं, वरची खोली त्याची लाडकी, रडून गोंधळ घातला त्याने. आणि काका स्वतः गच्चीवर पॅनल बसवायचं वर्षभर म्हणत होते ते आता "बघू" वर आलेत. तेव्हा म्हटलं आता बसून लिहायलाच पाहिजे.

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. "हरित ऊर्जेचा महाघोटाळा" असं नाव, खाली एका गोठलेल्या पवनचक्कीवर हेलिकॉप्टर काहीतरी फवारतंय असा फोटो, आणि सहा मुद्दे. एक, पवनचक्की बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ती मोडून पडेपर्यंत परत देत नाही, हे कॅनडाच्या एका प्रोफेसरनेच सांगितलंय, आणि सोलर पॅनलचंही तेच. दोन, पॅनलमधून रेडिएशन निघतं, त्याने कॅन्सर होतो. तीन, पवनचक्क्या पक्षी मारतात. चार, रात्री सूर्य नसतो आणि वारा लहरी, त्यामुळे मागे कोळसा जळतच राहतो, बचत शून्य. पाच, पॅनल आणि पाती हा विषारी कचरा आहे. सहा, कोळसा आणि तेल भरवशाचे आहेत, आता फिल्टर लावल्याने स्वच्छही झालेत आणि संपणार वगैरे काही नाहीत.

सगळ्यावर सारखा वेळ घालवणार नाही. काही मुद्दे तेवढ्या लायकीचे नाहीत आणि एक-दोन अर्धेमुर्धे खरे आहेत, तेही सांगतो.

"पवनचक्की स्वतःला लागलेली ऊर्जाही परत देत नाही"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो, कारण हा नुसता चुकीचा नाहीये, हा कात्री लावून बनवलाय.

मेसेजमध्ये आकडे आहेत, आणि आकडे दिसले की माणूस मान डोलवतो. दोन मेगावॅटच्या पवनचक्कीत २६० टन पोलाद, त्यासाठी १७० टन कोकिंग कोळसा आणि ३०० टन लोहखनिज, सगळं खाणीतून काढलेलं आणि डिझेलवर वाहून आणलेलं. आणि पुढे लगेच, ती मोडून पडेपर्यंत फिरली तरी तिच्यात घातलेली ऊर्जा परत मिळणार नाही. खाली नाव थॉमस होमर-डिक्सन, तेच ते कॅनडाचे प्रोफेसर.

मूळ मजकूर २००९ सालच्या 'कार्बन शिफ्ट' नावाच्या पुस्तकातला. होमर-डिक्सन त्याचे संपादक, आणि हा भाग त्यांनी लिहिलेलाच नाही, तो डेव्हिड ह्यूज नावाच्या भूवैज्ञानिकाचा लेख आहे. बरं तेही जाऊ दे. ह्यूजने पोलाद-कोळशाचे हेच आकडे देऊन पुढे प्रश्न विचारलाय की मग पवनचक्कीला ही ऊर्जा फेडायला किती काळ लागेल, आणि लगेच उत्तर दिलंय की चांगला वारा असलेल्या जागी तीन वर्षं किंवा त्याहून कमी, आणि वाईट जागी कदाचित कधीच नाही. मोडून पडेपर्यंत फिरली तरी वगैरे जे आहे ते या वाईट जागेबद्दलचं वाक्य आहे. मेसेज बनवणाऱ्याने प्रश्न आणि चांगल्या जागेचं उत्तर दोन्ही उडवलं आणि उरलेली दोन टोकं शिवून टाकली. मधलं वाक्य गायब. स्वतः होमर-डिक्सन यांनी हा मजकूर छापलेलं पोस्टर फसवं आहे, असं जाहीर लिहिलंय, तरी ते त्यांच्याच नावाने फिरतंय.

आता काकांना मी फोनवर म्हटलं की पुस्तक सोडा, प्रोफेसर सोडा, आपण दोघं कागदावर करू. काका हिशोबाचे पक्के, लगेच तयार झाले.

१७० टन म्हणजे १,७०,००० किलो कोळसा. चांगल्या कोळशाच्या एका किलोत साधारण ८ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता असते. म्हणजे झाली १३,६०,००० युनिट. आता पवनचक्की दोन मेगावॅटची, पण ती चोवीस तास पूर्ण ताकदीने फिरत नाही (हे मेसेजवाल्यांचं आवडतं वाक्य, मान्यच आहे), म्हणून आपण पावपट धरू, २५ टक्के. २००० किलोवॅट गुणिले २४ तास गुणिले पाव, दिवसाला १२,००० युनिट. भागाकार करा. ११३ दिवस. चार महिन्यांच्या आत त्या सगळ्या कोळशातल्या उष्णतेइतकी वीज तिने दिली. आणि मी इथे उष्णता आणि वीज यांना एकच भाव लावलाय, जो खरं तर पवनचक्कीवर अन्याय आहे, कारण तोच कोळसा वीजकेंद्रात जाळला असता तर त्यातली एक तृतीयांशाच्या आसपासच वीज हाती आली असती, बाकीची उष्णता चिमणी आणि कूलिंग टॉवरमधून गेली असती. तसं मोजलं तर चाळीस दिवसांतच फिटलं.

काका म्हणाले, अरे पण नुसतं पोलाद नसतं ना, पायाचं काँक्रीट आहे, पात्यांचं फायबरग्लास आहे, ट्रेलरवरून वाहतूक आहे. बरोबर. मग दुप्पट करा. तिप्पट करा. तिप्पट करूनही ३३९ दिवस, म्हणजे वर्षाच्या आत. आणि पवनचक्की चालते वीस-पंचवीस वर्षं. प्रत्यक्ष अभ्यासांमध्येही चांगल्या जागेसाठी साधारण सहा महिने ते वर्ष असंच येतं, ह्यूजची तीन वर्षंसुद्धा सढळ हाताने दिलेली आहेत.

आता खरी गंमत. मी काकांना विचारलं की पवनचक्कीकडून तुम्ही १७० टनांचा हिशोब मागितलात, मग कोळशाच्या वीजकेंद्राकडून का नाही मागितला? रोजचे तेच १२,००० युनिट कोळशावर बनवायचे तर युनिटमागे अर्धा किलो धरा, रोज ६ टन. वर्षाला जवळजवळ २,२०० टन. वीस वर्षांत ४४,००० टन. आणि हे नुसतं जाळायला, वीजकेंद्राचं स्वतःचं पोलाद, बॉयलर, चिमणी, कोळसा वाहणारी रेल्वे हे सगळं वेगळं. इकडे १७० आणि तिकडे ४४,००० आणि मेसेजला राग कशाचा, तर १७० चा. फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही आला. मग काका म्हणाले, "अर्धा किलो कशावरून?" म्हटलं, पाव धरा. २२,००० टन. काही फरक पडतो का?

कबूल करायचं ते एवढंच की वाईट जागा खरंच असते. वारा अडवणाऱ्या खोलगट जागेत, झाडीत, इमारतींच्या मधे हौस म्हणून उभी केलेली छोटी पवनचक्की आयुष्यभरात स्वतःचं देणं फेडणार नाही, शक्य आहे. ते पवनचक्की कुठे लावायची याचं अज्ञान झालं.

सोलरचं थोडक्यात. सुरुवातीच्या काळातल्या पॅनलना ऊर्जा फेडायला बरीच वर्षं लागायची, त्यामुळे हा समज आकाशातून पडलेला नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत पहिला कामाचा सिलिकॉन सेल बनला तेव्हा तो उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायचा, आज बाजारातलं साधं पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहे आणि सिलिकॉनचे काप पूर्वीपेक्षा कितीतरी पातळ झालेत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अहवालांत हा फेडीचा काळ आता वर्षभर किंवा त्याच्या थोडा मागेपुढे आहे, तोही युरोपातल्या उन्हात.

पण मला त्याहून एक सोपी कसोटी आवडते. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१४ च्या अहवालात एक तक्ता आहे, वीज कशी बनवली त्यावर युनिटमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून. त्यातले मधले आकडे असे: कोळसा ८२०, गॅस ४९०, गच्चीवरचं सोलर ४१, जमिनीवरची पवनचक्की ११. आता विचार करा, पॅनल बनवायला लागणारी वीज जर पॅनलने आयुष्यात दिलेल्या विजेपेक्षा जास्त असती आणि ती वीज कोळशाची असती (पॅनल जिथे बनतात तिथे कोळशाच्या विजेचा वाटा मोठा आहे, हे खरंच आहे) तर सोलरचा आकडा ८२० च्या वर जायला हवा होता. तो ४१ आहे. विसावा भाग. हा एक तक्ता जपून ठेवा, अर्धा मेसेज त्यातच संपतो.

"पॅनलमधून रेडिएशन निघतं, खाली झोपणाऱ्यांना कॅन्सर"

या एका ओळीमुळे ते अंथरूण हललं म्हणून जरा थांबतो इथे.

रेडिएशन हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर चेर्नोबिल येतं. पण प्रकाश हे पण रेडिएशनच आहे. बल्बचा उजेड, चुलीची धग, रेडिओचे तरंग, सगळं. कॅन्सरच्या दृष्टीने काळजीचं असतं ते अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी किंवा निदान पेशीतल्या डीएनएला इजा करण्याइतकी ताकद असलेलं, म्हणजे एक्स-रे, गॅमा, आणि त्वचेपुरतं बोलायचं तर उन्हातलं अतिनील. सोलर पॅनल यातलं काहीही बनवत नाही. त्याचं काम उलटं आहे, तो उजेड गिळतो. वर काच, खाली सिलिकॉन, उजेड आत जातो, इलेक्ट्रॉन हलतात, तारेतून डीसी करंट बाहेर पडतो. बॅटरीवरच्या टॉर्चमध्ये वाहतो तसलाच. इन्व्हर्टर नावाच्या यंत्रात त्याचा घरात वापरतो तो एसी करंट होतो, आणि इन्व्हर्टरच्या अगदी जवळ जे विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं ते घरातल्या फ्रिज-मिक्सरच्याच जातीचं, दोन-चार पावलं लांब गेलं की नगण्य. शेजारच्या गच्चीवरून खिडकीत येण्यासारखं तिथे काही नाही, फार तर दुपारी काचेची तिरीप येईल, ती मात्र डोळ्याला त्रास देते, पडदा लावा.

काकूला मी विचारलं, शाळेत तो छोटा कॅल्क्युलेटर होता आठवतो का, वरच्या बाजूला काळी चार खणांची पट्टी असलेला? त्या पट्टीवर अंगठा दाबून धरला की आकडे हळूहळू फिके व्हायचे, आम्ही वर्गात तोच खेळ करायचो. ती पट्टी म्हणजे सोलर पॅनलच. लाखो पोरांनी ती शर्टाच्या खिशात, छातीला लावून वागवली. कुणी नाही अंथरूण हलवलं.

आणि अजून एक, हे मी थोडं खवचटपणे सांगतोय. कोळशात युरेनियम आणि थोरियमचे अगदी बारीक अंश असतात, कोळसा जळला की ते राखेत साठतात. १९७८ साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात हिशोब मांडला होता की नीट चालणाऱ्या अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला मिळते तेवढी किंवा त्याहून थोडी जास्तच मात्रा कोळशाच्या केंद्राशेजारी मिळू शकते. दोन्ही मात्रा इतक्या किरकोळ आहेत की घाबरायचं कारण नाही, हे पण सांगतो, नाहीतर उद्या यावर नवा मेसेज निघायचा. पण रेडिएशनचीच भीती असेल तर ती कुठे शोधायची याचा पत्ता मेसेजवाल्यांनी बरोबर उलटा दिलाय.

पवनचक्कीच्या आवाजाने कॅन्सर होतो हेही खाली बारीक अक्षरात आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी भाषणात "असं म्हणतात" म्हणून ते सांगितलं होतं. आवाजाने झोपमोड होऊ शकते, घराच्या फार जवळ पवनचक्की नसावी हे योग्यच. कॅन्सर नाही.

"पक्षी मरतात"

मरतात. कॅलिफोर्नियाच्या आल्टामाँट पासमध्ये सोनेरी गरुड मोठ्या संख्येने मेले, जागाच चुकीची निवडली होती. अमेरिकेतल्या अंदाजांत पवनचक्क्यांनी वर्षाला काही लाख पक्षी मरतात, इमारतींच्या काचांवर आपटून ३६ ते ९९ कोटी, आणि मांजरं मारतात शंभर कोटींच्या वर. मांजरांविरुद्ध फॉरवर्ड मला अजून आलेला नाही. नॉर्वेत स्मोला बेटावर तीन पात्यांपैकी एक काळं रंगवलं तर मृत्यू सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी झाले, प्रयोग चार पवनचक्क्यांवरचाच होता म्हणून फार उड्या नको मारायला, पण उपाय शोधणारे शोधतायत. मांजर गरुड मारत नाही, हा आक्षेप कुणी घेतला तर तो मात्र रास्त आहे. पुढे.

"रात्री काय करणार?"

हा एकमेव मुद्दा आहे ज्यावर मला मेसेजवाल्याला खुर्ची द्यावीशी वाटते. अर्धं खरं आहे. अर्ध्याहून जास्त म्हणा.

सोलरची वीज दुपारी ढिगाने येते आणि लोकांना हवी असते संध्याकाळी, नेमका सूर्य मावळताना. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी (ग्रिड म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं) २०१३ मध्ये याचा आलेख काढला, तो बदकासारखा दिसतो म्हणून 'डक कर्व्ह' नाव पडलं, दुपारी पोट लोंबलेलं आणि संध्याकाळी मान उभी. त्या मानेइतकी वीज दोन-तीन तासांत दुसरीकडून आणायची म्हणजे ग्रिड चालवणाऱ्याला घाम फुटतो. जर्मनीत हिवाळ्यात असे दिवस येतात की ऊन नाही आणि वाराही पडलेला, कधी कधी कित्येक दिवस सलग, त्यांच्याकडे त्याला वेगळा शब्दच आहे, डुंकेलफ्लाउट. बॅटऱ्या संध्याकाळचे चार तास उत्तम सांभाळतात. पंधरा दिवसांच्या ढगाळ, निर्वात हिवाळ्याला बॅटरी आज उत्तर नाही, आणि आहे म्हणणारा पण फॉरवर्डच करतोय असं समजा.

पण "बचत शून्य" हे कुठून आलं? वारा आला की गॅस किंवा कोळशावर वीज बनवणारा संच खाली घेतात, तेवढं इंधन वाचतं. संच अर्ध्या ताकदीवर चालला की त्याची कार्यक्षमता थोडी घसरते, म्हणून बचत शंभर टक्के होत नाही, पण शून्याच्या जवळपासही जात नाही. ब्रिटन बघा. कोळशाची वीज सार्वजनिक पुरवठ्याला देणारं पहिलं केंद्र १८८२ मध्ये लंडनलाच सुरू झालं. २०१२ मध्येही त्यांची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफचं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. बारा वर्षांत चाळीसवरून शून्य. मागे कोळसा जळतच राहतो म्हणे. तिथे आता जळायला केंद्रच नाही. हां, गॅस आहे, अणुऊर्जा आहे, समुद्राखालच्या केबलने शेजाऱ्यांकडून वीज येते, हे सगळं धरूनच ते जमलंय, नुसत्या वाऱ्यावर नाही.

शिवाय पाणी वर चढवून ठेवायची युक्ती जुनीच आहे. वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात केंद्र आहे, १९८४ पासूनचं. वीज जास्त झाली की पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, लागली की खाली सोडायचं, सज्ज ठेवलेली यंत्रं काही सेकंदांत हजार मेगावॅटच्या वर जातात. ते बांधलं तेव्हा पवनचक्क्यांचा विषयही नव्हता, तेव्हाही ग्रिडला चढउतार होतेच. मोठं औष्णिक केंद्र अचानक ट्रिप झालं तर काय, याची तयारी ग्रिड आधीपासून करतच आलाय.

"विषारी कचरा"

इथेही थोडं खरं. पवनचक्कीची पाती फायबरग्लासची, ती वितळवता येत नाहीत, बरीच पुरली जातात, ते फोटो खरे आहेत. पॅनलमध्ये वजनाने बहुतेक काच, मग ॲल्युमिनियमची चौकट, झाळकामात थोडं शिसं, आणि काही पातळ थराच्या पॅनलमध्ये कॅडमियमचं संयुग. फुटकं पॅनल उकिरड्यावर टाकू नये, ते परत घ्यायची सक्ती हवी, युरोपात ती २०१२ पासून कायद्यात आहे. बॅटरीतलं कोबाल्ट बहुतांशी काँगोमधून येतं आणि तिथल्या खाणींत मुलं राबतात, याला माझ्याकडे उत्तर नाही, लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नसतो एवढंच.

पण कचऱ्याचा विषय काढलाच आहे तर दोन्ही ढीग शेजारी ठेवू. आंतरराष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा संस्थेने २०१६ मध्ये काढलेला मोठ्यात मोठा अंदाज असा की २०५० पर्यंत जगभरात सगळा मिळून ७.८ कोटी टन पॅनलचा कचरा साठेल. कोळसा जगात वर्षाला ८०० कोटी टनांहून जास्त वापरला जातो. त्यात राख नुसती दहा टक्के धरा, बऱ्याच कोळशात याहून जास्त असते. वर्षाला ८० कोटी टन. दर वर्षी! म्हणजे पॅनल जेवढा कचरा २०५० पर्यंत करणार तेवढी राख कोळसा सव्वा महिन्यात करतो. राखेचं सिमेंट होतं, विटा होतात, खरं आहे, पण उरलेली तळ्यात साठवतात, आणि २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टनला अशाच तळ्याचा बांध फुटला, सुमारे ४०० कोटी लिटर राखेचा चिखल नदीत आणि लोकांच्या अंगणात.

आणि अॅबरफॅन. वेल्समधलं खाणीचं गाव. खाणीतून निघालेला दगडमातीचा कचरा वर्षानुवर्षं गावावरच्या डोंगरउतारावर टाकत होते, सातव्या क्रमांकाचा ढीग तर थेट झऱ्यावर रचलेला. गावातल्या लोकांनी तक्रारी केल्या होत्या. २१ ऑक्टोबर १९६६, सकाळी सव्वानऊच्या सुमाराला, सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस, मुलं नुकतीच वर्गात बसलेली, तो पावसाने भिजलेला ढीग सुटला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. हा झाला कोळशाचा कचरा, जो न जाळताच, नुसता ठेवल्यामुळे पडला. पॅनलमधल्या शिशाबद्दल बोलणाऱ्याने हे एकदा वाचावं.

हे लिहिताना मला बानचियाओ आठवलं, ते न सांगणं म्हणजे मीही मधलं वाक्य कापल्यासारखं होईल. चीनमधलं धरण, ऑगस्ट १९७५, चक्रीवादळाच्या पावसात फुटलं, पुरात आणि नंतरच्या रोगराईत मिळून माणसं हजारोंनी गेली, कमीत कमी अंदाज वीस हजारांच्या पुढे आहे. जलविद्युत नवीकरणीयच आहे. तेव्हा आपल्या बाजूचं सगळं सोज्वळ असं म्हणणाऱ्यातला मी नाही.

"कोळसा-तेल भरवशाचे, स्वच्छ आणि न संपणारे"

भरवशाचं आधी, कारण तो हेलिकॉप्टरचा फोटो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासला थंडीची लाट आली, लाखो घरं अंधारात गेली, आणि हा फोटो फिरला की बघा, पवनचक्क्या गोठल्या म्हणून. फोटो स्वीडनमधला आहे, त्या थंडीच्या कित्येक वर्षं आधीचा, आणि त्यात गरम पाणी फवारतायत. टेक्सासमध्ये पवनचक्क्या गोठल्या होत्या हे खरं, पण नंतरच्या सरकारी चौकशीत बंद पडलेल्या किंवा अडखळलेल्या संचांमध्ये ५८ टक्के गॅसवरचे निघाले, विहिरी गोठल्या, पाइप गोठले, उपकरणं गोठली. थंडीची पुरेशी तयारी बहुतेकांनी केलेली नव्हती. आणि उन्हाळ्यात फ्रान्समध्ये नद्या तापल्या की अणुवीजकेंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं, २००३ मध्ये झालं, २०२२ मध्ये झालं. हवामानावर अवलंबून नाही असं वीजकेंद्र मला दाखवा.

स्वच्छ. फिल्टर राख पकडतात, चांगले पकडतात, ९९ टक्क्यांच्या वर. पकडलेल्या राखेचं काय होतं ते वर सांगितलं. कार्बन डायऑक्साइड ते पकडत नाहीत, तो सगळाच्या सगळा वर जातो, ८२० चा आकडा फिल्टर लावूनच आहे.

न संपणारे. आजच्या वेगाने सापडलेले कोळशाचे साठे शंभर-दीडशे वर्षं पुरतील, म्हणजे उद्या संपतोय असं ओरडणारेही चुकीचेच. पण त्यातला बराचसा बनला पंचवीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, दलदलीतल्या झाडांचा. पृथ्वीच्या पोटात तेल सतत तयार होत असतं वगैरे जे लिहिलंय त्यावर मी वेळ घालवणार नाही.

हे सगळं मी काकांना एवढ्या लांबीचं पाठवलं नाही, पवनचक्कीचा भागाकार आणि तो तक्ता एवढंच पाठवलं. अंथरूण वर गेलं. मग रात्री काकांचा फोन. "ते सगळं ठीक आहे," म्हणाले, "पण शेजारी सांगत होता की दुपारी लाइट गेली तर त्याचं पॅनल असूनही घरात पंखा बंद. भर उन्हात. हे काय आहे?"

आणि हे खरं आहे. पूर्ण खरं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, व्हावाच लागतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला वाटेल की लाइन मेलेली आहे आणि आपल्या गच्चीवरून तिच्यात करंट येत असेल. घर चालू ठेवायचं तर बॅटरी लागते आणि लाइट गेल्यावर घराला ग्रिडपासून तोडून देणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च बराच वाढतो, आणि विकणारे हे सांगतातच असं नाही. सहा मुद्द्यांच्या त्या मेसेजमध्ये याबद्दल एक अक्षर नव्हतं. काका आता तीन जणांकडून कोटेशन मागवतायत, आणि तिघांना पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत.